अर्जावर बापाचा रकाना ठेवा

प्रति,
विदर्भातील शंकरपट आयोजन समित्या आणि गोऱ्हे राखणारे सर्व कास्तकार यांस,

राम राम.

दिवाळी आटोपली, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या, सोयाबीन घरात आलं आणि गावोगावी पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, वर्गणीच्या पावत्या फाटू लागल्या. थोड्याच दिवसांत तळेगाव दशासरपासून लाखनी-साकोलीपर्यंत माती उडेल, रात्री झाडीपट्टीत नाटकांचे पडदे वर जातील. तुमचे नोंदणीचे अर्ज छापखान्यात जायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून जरा घाईनंच लिहितो आहे.

विषय गोऱ्ह्यांच्या नावाचा आहे, म्हणजे त्यांच्या बाजारातल्या नावाचा. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडे एखाद्या गोऱ्ह्यानं मोठा पट मारला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कोठ्यापुढे, म्हणजे गोठ्यापुढे, गाई उभ्या. मालक तोंडातून काढील तो आकडा. लांबलांबून लोक टेम्पोत गाय घालून आणतात आणि गाय लागली की त्याच टेम्पोत परत. दोन हंगाम जातात. तोच गोऱ्हा त्याच कोठ्यात तुरीचं कुटार चघळत उभा असतो, आणि विचारायला कुत्रं येत नाही, कारण दरम्यान दुसऱ्या कुठल्या गावच्या गोऱ्ह्यानं अर्धा सेकंद कमी घेतलेला असतो. अशा वेळी मी मालकाला एकच गोष्ट विचारतो: याची वासरं कशी निघाली? ती अजून अदात, म्हणजे पक्के दात न आलेली, असतात. एकाच्याही मानेवर जू पडलेलं नसतं. मग हा बाप म्हणून चांगला होता, ते कोणी ठरवलं? आणि आता वाईट झाला, ते तरी कोणी?

माझी उमेदीची वर्षं पुण्याकडे घोड्यांच्या पैदाशीच्या स्टड फार्मवर गेली. शर्यतीचे थरोब्रेड घोडे. वडिलांना वाटायचं, पोरगं रेसच्या नादाला लागलं. प्रत्यक्षात मी शर्यत क्वचितच पाहिली, माझं काम घोड्या आणि शिंगरांकडे. गोऱ्ह्याच्या बाजारात आज जे चाललंय ते त्या धंद्यात फार मोठ्या पैशावर चालतं. म्हणून तिथलं थोडं सांगतो.

घोडी माजावर आहे की नाही हे पाहायला किमती घोड्याला आणत नाहीत. त्यासाठी एक साधा घोडा ठेवलेला असतो, टीझर म्हणतात त्याला. मध्ये गादी ठोकलेली जाड फळी, पलीकडे घोडी, अलीकडे हा. तिनं कान मागे टाकून फळीवर लाथ झाडली तर अजून वेळ आहे. शेपटी बाजूला घेऊन, मागचे पाय फाकवून ती मुतली की टीझरला ओढत परत ठाणावर न्यायचं. त्या बिचाऱ्याचं काम तिथंच संपलं. आयुष्यभर फक्त चौकशी. मग घोडीच्या शेपटीला पट्टी गुंडाळायची, मागचा भाग कोमट पाण्यानं धुवायचा, मागच्या खुरांना जाड मऊ बूट चढवायचे, कारण एक लाथ वर्मी बसली तर कोट्यवधीचं जनावर कामातून जातं. एवढं सगळं झाल्यावर मोठे साहेब येणार, आणि दोन-चार मिनिटांत कारभार आटोपणार. इंग्लंडात दुबावी नावाचा घोडा आहे, २०२३ साली त्याची या दोन-चार मिनिटांची फी साडेतीन लाख पौंड होती.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. रेतनाच्या कांड्या भरून गावोगाव पाठवता येत नाहीत, घोडीला घोड्याच्या दारी जावंच लागतं. त्यामुळे एका हंगामात एक घोडा किती घोड्यांना पुरेल याला मर्यादा राहते, आणि ज्याचं नाव आहे त्याच्याकडे रांग लागते.

आता वेळेचा हिशेब बघा. घोडी अकरा महिने गाभण. शिंगरू दोन वर्षांचं झाल्यावर पळायला लागतं, खरी परीक्षा तीन वर्षांचं असताना. म्हणजे घोडा स्टडवर आला त्या वर्षापासून त्याची पहिली पोरं मैदानात उतरेपर्यंत तीन वर्षं जातात, आणि लोकांना काही कळायला चौथं-पाचवं उजाडतं. तोवर जी फी घेतली जाते ती निव्वळ आशेवर.

गंमत पुढे आहे. पोरं पळायच्या आधीच फी उतरायला लागते. पहिल्या वर्षी घोडा नवा, पेपरात फोटो, घोड्या भरपूर. दुसऱ्या वर्षी जरा कमी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घोडीवाले फोन उचलत नाहीत. घोड्यानं काय पाप केलं? काहीच नाही. हिशेब घोडीवाल्याचा असतो. तो आपलं शिंगरू वर्ष-दीड वर्षाचं झालं की लिलावात विकतो. पहिल्या वर्षी घोडी लावली तर ते शिंगरू लिलावात उभं राहील तेव्हा घोड्याचं एकही पोर पळालेलं नसेल. आशेला भाव येईल. तिसऱ्या वर्षी लावली तर लिलावाच्या दिवसापर्यंत पहिली पोरं जवळजवळ दोन हंगाम पळून झालेली असतील, आणि ती आपटली असतील तर याच्या शिंगरावर कोणी बोली लावणार नाही. म्हणून तो त्या वर्षी दुसऱ्या नव्या घोड्याकडे जातो, आणि पुढच्या वर्षी आणखी नव्याकडे. जून महिन्यात कृषी केंद्रापुढे कपाशीच्या एकाच वाणाच्या पाकिटासाठी रांग लागते आणि पुढच्या जूनला त्या वाणाचं नावही कोणी काढत नाही, तसंच हे.

हाच दुबावी घ्या. २००६ साली स्टडवर आला तेव्हा फी पंचवीस हजार पौंड. २००९ पर्यंत ती पंधरा हजारांवर आली होती. त्याच वर्षी त्याची पहिली पोरं पळाली आणि जिंकायला लागली. पुढच्या वर्षी त्याच पहिल्या पिढीतल्या माकफीनं इंग्लंडातली ‘२००० गिनीज’ ही मोठी शर्यत मारली. तिथून घोडा जो चढला तो साडेतीन लाखांवर गेला. म्हणजे २००९ साली त्याच्याकडे घोडी नेणाऱ्याला त्याच घोड्याचं तेच रक्त पंधरा हजारांत मिळालं. घोडा बदललाच नव्हता. अमेरिकेत केंटकीमध्ये इंटू मिस्चिफ म्हणून आहे, २००९ साली साडेबारा हजार डॉलरला उभा राहिला, साडेसात हजारांवर घसरला, आणि २०२२ साली त्याची फी अडीच लाख होती.

उलटही होतं. २००० सालची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली शर्यत, जिंकलेला फुसाइची पेगॅसस कोट्यवधी डॉलर मोजून स्टडवर नेला, सुरुवातीची फी दीड लाख डॉलर. पोरं मनासारखी पळेनात. उतरत उतरत शेवटी साडेसात हजार. ज्यांनी दीड लाख भरून घोडी नेली होती त्यांनी कोणाला विचारायचं?

संडे सायलेन्सची गोष्ट तर मी आमच्या पोळ्याच्या पारावर कितीदा सांगितली असेल. १९८९ ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा, पण मागचे पाय जरा वाकडे, आईकडचं घराणं साधं. अमेरिकेतल्या घोडीवाल्यांनी तोंड फिरवलं. जपानच्या झेन्या योशिदा यांनी त्याला विकत घेऊन होक्काइदोला नेलं. १९९५ ते २००७ सलग जपानमधला पहिल्या नंबरचा बाप तोच. २००२ साली तो मेला, तरी त्याची पोरं पळत राहिली आणि नंबर टिकला. जपानी घोडा आज जगात कुठेही जिंकतो, त्यात या नाकारलेल्या घोड्याचा वाटा मोठा.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर रझीन. मोठ्या बापाचा, नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. १९९० च्या इंग्लंडच्या डर्बीत सगळ्यात जास्त पैसा त्याच्यावर लागला होता आणि तो कुठल्या कुठे मागे राहिला. तो इकडे उषा स्टडवर आला आणि हिंदुस्थानातल्या अव्वल बापांत त्याची गणना झाली. स्वतः पळणं वेगळं, पळणारी पोरं देणं वेगळं. पट मारलेल्या गोऱ्ह्याकडे धावत गाय नेताना हे आपण विसरतो. सेकंद त्या गोऱ्ह्याचे असतात, त्याच्या जोडीदाराचे असतात, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हिमतीचे असतात. गायीच्या पोटात यातलं किती जाणार, कोण सांगतो?

तुम्ही म्हणाल, म्हणजे घोडेवालेही आमच्यासारखेच लाटेमागे धावतात, मग त्यांच्याकडून काय शिकायचं? धावतातच. पण त्यांची चूक त्यांना सापडते, आपली सापडत नाही. फरक एका वहीचा आहे. इंग्लंडात थरोब्रेडची वंशावळ १७९१ पासून छापली जाते. प्रत्येक शिंगराचा बाप आणि आई लिहिलेली. आपल्या देशासाठी हे काम पुण्यातच स्टड बुक ऑथॉरिटी करते. डीएनए तपासल्याशिवाय शिंगराची नोंद होत नाही. मालक म्हणतो म्हणून बाप लिहीत नाहीत. आणि ही वही कपाटात पडून राहत नाही. शर्यतीच्या कार्डावर घोड्याच्या नावाखाली बाप आणि आई छापलेली असते. चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो की अमक्याची पोरं लांब पल्ल्याला बरी, तमक्याची ओल्या मैदानावर. म्हणून पोरं पळायला लागल्यावर दुबावी दोन वर्षांत ओळखला गेला आणि फुसाइची पेगॅससही. लाट येते, पण चार वर्षांनी वही तिला उत्तर देते.

ती दुनिया धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. तिथे एका घोड्याकडे एका हंगामात दोनशेवर घोड्या जातात, आणि सगळे त्याच चार-पाच घोड्यांमागे लागल्यानं रक्त त्याच त्या घराण्यांत आटत चाललंय. अमेरिकेत घोड्यांची वंशावळ ठेवणाऱ्या जॉकी क्लबनं २०२० साली एका घोड्याला वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घालायचा नियम केला. मोठे स्टडवाले कोर्टात गेले आणि २०२२ साली नियम मागे घ्यावा लागला. पैसा तिथेही जिंकतो. मला त्यांच्या कोठ्यातून फक्त वही उचलायची आहे.

आपल्याकडे काय आहे? पटाच्या निकालाच्या कागदावर मालकाचं नाव, गाव, सेकंद. मोठ्या पटात जोडीची नावं. भोंग्यावर पुकारणारा मालकाची तारीफ करतो, आमदारसाहेबांचं स्वागत करतो, मोटारसायकल कोणी दिली ते तीनदा सांगतो. बैल कोणाच्या पोटचा, कोण्या कास्तकाराच्या कोठ्यात जन्मला, याचा उल्लेख नाही. दोन वर्षांनी एखादी चांगली जोडी मैदानात आली तर तिच्यातला एक आपल्या बाजूच्या गावच्या विसरलेल्या गोऱ्ह्याचा पोरगा आहे, हे कोणालाही कळत नाही. तो गोऱ्हा तोवर खच्ची होऊन वखराला लागलेला असतो, नाहीतर बाजारात गेलेला असतो.

त्यात आपल्या गोऱ्ह्यांचं नशीब कोर्टाच्या तारखांवरही चढलं-उतरलं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्यानं कायदा केला, तरी पट सुरू झाले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कायदा कायम केला. मधल्या सात वर्षांत पळणारा गोऱ्हा म्हणजे नुसता खाणारा गोऱ्हा. दूध, अंडी, सरकीची ढेप कोण घालणार? लोकांनी खच्ची केले, विकले. गाय गाभण राहण्यापासून वासरू जुवाखाली येईपर्यंत साडेतीन-चार वर्षं लागतात, घोड्याएवढीच. म्हणजे दोन पिढ्या गेल्या. २०२१ च्या डिसेंबरात एकदम मागणी आली तेव्हा आमच्याकडे दाखवायला गोऱ्हे नव्हते, आणि कोणत्या घराण्यातले शोधावेत हे सांगणारा कागद तर कधीच नव्हता. मग पश्चिमेकडून खिल्लार जातीचे आणले. खिल्लार देखणा आणि पळणारा, त्याच्याशी माझं वैर नाही. पण वर्धा-नागपूर-अमरावतीचा आपला गवळाऊ जातीचा बैल चालीसाठीच ओळखला जातो. त्यासाठी हेटीकुंडीला सरकारी फार्म आहे, आणि जमनालाल बजाजांनी अखेरच्या दिवसांत वर्ध्यात गोसेवेलाच वाहून घेतलं होतं. अशा मुलखात गवळाऊचा चांगला बाप कोणता, हे विचारायला जागा नसावी?

एकदा वही नसल्याचा फटका कसा बसतो ते मी जवळून पाहिलं. नाव-गाव सांगत नाही. एका कास्तकाराचा पांढरा, मानेवर करडा पडलेला गोऱ्हा एका हंगामात गाजला. पुढच्या वर्षी त्याच्या मागच्या पायाला लचक आली, पट हुकले आणि गाई येणं थांबलं. ढेपेची उधारी वाढत गेली तसा तो विकून टाकला. त्यानंतर त्याची वासरं दोनदाती झाली आणि वेगवेगळ्या गावांत पळायला लागली. मी ओळखतो, कारण डोळ्याची ठेवण आणि वशिंडाचा कल तोच. पण मी ओळखून उपयोग काय? अर्जावर काही नाही. आज त्या वासरांचे मालक गाईसाठी बाप शोधत माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याच जनावरांचा बाप कसाबसा कोणाच्या तरी वखराला असेल, हे त्यांना मी सांगायचं.

तर समित्यांना विनंती ही. अर्जावर मालक आणि गाव आहेच. त्याखाली प्रत्येक बैलासाठी बाप कोणता, आई कोणाची, जन्म कोणाच्या कोठ्यात, दात किती, आणि कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर, एवढे रकाने घाला. बिल्ला तसाही दवाखान्यातून लावलेला असतो. आकडा उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. निकाल लावताना सेकंदांशेजारी बापाचं नाव छापा. आणि पुकारणाऱ्याला सांगा की जोडी सुटायच्या आधी एकदा बापाचं नाव आणि जन्मदात्या कास्तकाराचं गाव घ्यायचं. आमदारसाहेबांचं स्वागत एकदा कमी झालं तर चालेल, त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

खोटं लिहितील, असं काही मित्रांनी म्हटलं. लिहितीलच, पहिली दोन-तीन वर्षं तरी. गाजलेल्या गोऱ्ह्याचं नाव सगळेच लावतील. पण गाय कोणत्या कोठ्यावर नेली होती हे गावात दहा जणांनी पाहिलेलं असतं, आणि एकदा कागदावर आलं की बोलायला लोक पुढे येतात. ज्याला माहीत नाही त्यानं सरळ ‘माहीत नाही’ लिहावं. नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठानं नावाजलेल्या गोऱ्ह्यांपुरती तरी डीएनए तपासणी करून दिली तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी थांबू नका.

गोऱ्हेवाल्यांना वेगळी विनंती. अमेरिकेत घोड्याचे बहुतेक करार असे असतात की शिंगरू जन्मून उभं राहिलं आणि आईला पिलं, तरच फी. तुम्ही निदान गाय गाभण ठरल्यावर पैसे घ्या. गिऱ्हाईक टिकेल आणि कोणाची गाय तुमच्याकडे आली याची यादीही आपोआप तयार होईल. ती यादी साध्या शाळेच्या वहीत ठेवा, तारखेसकट. एक पट हुकला म्हणून गोऱ्ह्याला खच्ची करायचा चिमटा लावायची घाई करू नका. पहिल्या वासरांच्या मानेवर जू पडेपर्यंत थांबा, मग काय तो निकाल लावा. ढेपेचा खर्च कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. चार-पाच गाईवाल्यांनी मिळून एक गोऱ्हा राखला तर तो परवडतो. घोड्यांमध्येही एकेका घोड्याचे चाळीस-पन्नास हिस्सेदार असतात, आणि ते सगळे काही राजे नसतात.

गाईवाल्यांनाही एक सांगतो, कारण सगळं खापर बापावर फुटतं. घोड्याच्या धंद्यात मोठ्या घोड्याकडे मुळात चांगल्याच घोड्या जातात. मग पोरं चांगली निघाली तर श्रेय एकट्या घोड्याला. गाजलेल्या गोऱ्ह्याकडे तुम्ही घरातली सगळ्यात कमजोर, दूध नसलेली गाय नेता आणि वासरू पळालं नाही की गोऱ्ह्याला शिव्या देता. म्हणून आईचा रकानाही मागतो आहे.

आमच्या गावच्या समितीनं यंदाच्या अर्जात हे रकाने घातले आहेत. नमुना हवा असेल तर पटाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी मी बसलेला असेन, एक प्रत घेऊन जा. तुमच्या जनावराचा बाप शोधायचा असेल तर बिल्ल्याचा नंबर आणि तुमच्या गायीच्या जुन्या मालकाचं गाव, एवढं लिहून आणा. बाकी चौकशी आपण दोघं मिळून करू.

आपला,
आर्वी तालुक्यातला एक कास्तकार